सव्वा मूठ

जळगावहून सुनंदाताईंचा फोन आला तेव्हा नवलभाऊ धुळ्यातल्या आपल्या स्टुडिओत पासपोर्ट फोटो कापत बसले होते. सुनंदाताई खानदेशातल्या सणावारांवर एक मोठं चित्रांचं पुस्तक काढत होत्या. आखाजीचे झोके, बारागाड्या, गुलाबाई असं बरंच काही त्यांच्याकडे गोळा झालं होतं. कानबाईच्या मिरवणुकीचे तर इतके फोटो आले होते की कोणता ठेवावा आणि कोणता टाकावा, असं झालं होतं.

"पण गहू घालतानाचा एकही नाही हो," त्या म्हणाल्या. "आत कोणी घेतच नाही. तुम्ही घरचे आहात. जमला तर तुम्हालाच जमेल."

"बघतो."

"बघतो नका म्हणू. तुम्ही बघतो म्हणालात की ते नाही असतं, हे मला आता कळलंय."

नवलभाऊ हसले. म्हणजे हसण्याचा आवाज त्यांनी काढला. वर्षभरापासून ते असंच करत होते. लोक जिथे हसतात तिथे हसायचं, जिथे चुकचुकतात तिथे मान हलवायची. ते कोणाच्या लक्षात येत नव्हतं आणि नवलभाऊंनाही त्याचं फारसं काही वाटत नव्हतं.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नवलभाऊंच्या भाऊबंदकीची कानबाई पांझरेकाठच्या त्यांच्या गावी, थोरले चुलतभाऊ तोतारामनाना यांच्या घरी बसायची. रविवारी देवीला रोटांचा, म्हणजे पुरणाच्या जाड पोळ्यांचा नैवेद्य लागतो. त्या रोटांसाठी आदल्या दिवशी गहू मोजतात, आणि ते शेरा-किलोने नाही तर माणसागणिक मोजतात. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. पाळण्यातला मुलगा असला तरी त्याची सव्वा मूठ, आणि अंथरुणाला खिळलेला म्हातारा असला तरी त्याचीही तेवढीच. बायका नवऱ्यांच्या मुठीत धरल्या जातात. मुली कुठेच धरल्या जात नाहीत, कारण त्या पुढे दुसऱ्या घरच्या मुठीत जायच्या असतात.

या घराण्याची रीत अशी होती की ज्या घराची पाळी असेल त्या घराच्या कर्त्या माणसाने पुढे येऊन बसायचं, दोन्ही हातांनी सूप धरायचं आणि आपल्या घरातली नावं एकेक करून मोठ्याने घ्यायची. भाऊबंदकीतली सगळ्यात मोठी बाई पोत्यातून मूठ भरून सुपात सोडते. सूप एका हाताने धरलेलं चालत नाही.

नवलभाऊंनी तरुणपणी काही वर्षं सूप धरलं होतं. मग मुलगा कुंदन कॉलेजात गेला आणि त्याने ते काम घेतलं. "बाबा, तुम्ही फोटो काढा, मी बसतो," असं तो म्हणाला होता. नवलभाऊ तेव्हापासून त्या खोलीच्या कोपऱ्यात कॅमेरा घेऊन उभे राहायचे. पण कुंदन समोर बसला की त्यांचा फोटो बिघडायचा. तो मुद्दाम भुवया उडवायचा. गव्हाकडे बघण्याऐवजी बापाकडे बघायचा. तसे फोटो घरच्या अल्बमात ठीक होते, पुस्तकात चालण्यासारखे नव्हते.

कुंदन गेल्या वर्षी जेठात गेला. दोंडाईच्याचं लग्नाचं काम आटोपून मोटरसायकलवर परत येत होता. त्या वर्षी भाऊबंदकीत कानबाई बसलीच नाही. कुंदनला अंगणात आणून ठेवलं तेव्हा नवलभाऊंच्या मनात पहिला विचार आला तो असा, की पत्र्यावरून परतून चेहऱ्यावर येणारा उजेड चांगला आहे. मऊ आहे, कडक सावली नाही. हा विचार त्यांनी कोणाला सांगितला नाही. तो वाईट होता की नुसती सवय होती, हे त्यांना ठरवता आलं नाही. त्यानंतर सगळ्या गोष्टी काचेपलीकडे राहिल्या, एवढंच त्यांना कळत होतं. बाकी ते जेवत होते, झोपत होते, गिऱ्हाइकाला हनुवटी थोडी खाली घ्यायला सांगत होते.

त्या वेळी कुंदनच्या बायकोला, दिपमालाला, दिवस गेलेले होते. माघात मुलगी झाली. तिचं नाव रेवती.

फोन आला त्या दिवशी रात्री जेवताना प्रमिलाबाईंनी नवऱ्याच्या ताटात भाजी वाढली आणि विचारलं, "या वर्षी सूप तुम्ही धरणार ना?"

"बघू."

"बघू काय? नावं कोण घेणार मग?"

"नावं कुठली, एकच तर राहिलंय."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे नवलभाऊंना कळलं. प्रमिलाबाईंनी भाजीचं पातेलं खाली ठेवलं.

"दोन आहेत," त्या म्हणाल्या. "रेवतीचं घ्यायचं."

"मुलींचं घेत नाहीत."

"घेत नाहीत, म्हणून तर म्हणते. घेत असते तर तुम्हाला कशाला सांगितलं असतं?" मग त्यांनी आवाज खाली आणला, कारण दिपमाला आतल्या खोलीत मुलीला झोपवत होती. "पाचोऱ्याहून दिपमालाच्या वडिलांचा दर आठवड्याला फोन येतो. पोरीला घेऊन इकडे ये म्हणतात. त्यांचं चुकतंय असं नाही. पण उद्या ती गेली तर आपण या मुलीचे कोण? आपल्या देवीपुढे एकदा तिचं नाव पडू दे. मग ती कुठेही वाढली तरी इथली राहील. तुम्ही नानांना आधी विचारून ठेवा. ऐनवेळी तोंडातोंडी नको."

"विचारतो."

"कॅमेरा घरी ठेवा."

"सुनंदाताईंना शब्द दिलाय."

प्रमिलाबाईंनी स्वतःचं ताट वाढून घेतलं.

शनिवारी सकाळच्या अमळनेर गाडीने चौघं निघाली. रेवती दिपमालाच्या मांडीवरून खिडकीबाहेरच्या कापसाच्या शेतांकडे बघत होती. नवलभाऊंच्या मांडीवर कॅमेऱ्याची बॅग होती. वाटभर ते मनात खोलीचा हिशोब करत राहिले. नानांचं घर धाब्याचं. आतल्या खोलीला खिडकी नाही, छपरात एक झरोका आहे. सकाळी त्यातून उन्हाचा एक पट्टा खाली येतो आणि हळूहळू सरकतो. फ्लॅश मारला तर सगळं लग्नाच्या फोटोसारखं पांढरंफटक होईल. शटर सावकाश ठेवलं तर पडणारे गहू नुसती रेघ होतील. वेगात ठेवलं तर अंधार. गव्हाचा दाणा न् दाणा हवेत दिसायला हवा असेल, तर मूठ त्या पट्ट्यातच उघडायला हवी.

आणि पुन्हा म्हणता येत नाही. लग्नात म्हणता येतं. 'वहिनी, हार पुन्हा एकदा घाला, साहेब मधे आले,' असं म्हटलं की लोक हसत हसत पुन्हा घालतात. चालत्या सणाला तसं सांगता येत नाही. कुंदनला धंदा शिकवताना त्यांनी पहिल्यांदा हेच शिकवलं होतं. घडून गेलं की गेलं. तुझी पापणी लवली असेल तर तो दोष तुझा, सणाचा नाही.

ओसरीवर भागाबाई बसल्या होत्या. नानांची आई, नव्वदीला टेकलेली. त्यांना सगळे जिजी म्हणत. भाऊबंदकीत कोण कोणाचा, हे जिजीला तोंडपाठ होतं. कोण आहे आणि कोण गेलं, यात मात्र अलीकडे गल्लत व्हायची.

"उना का रे नवल?" तिने डोळ्यांवर हात धरला. "अन् हाई काय शे गळामा? ढोरले लोढनं बांधतस तसं?"

"कॅमेरा आहे, जिजी."

"मन्हा फोटो काढशीन तं आधी सांगजो. दात लाई येस."

"दात कठे शेतस तुन्हा?" आतून नाना ओरडले. "मांगला साल कुत्रा लई गया ना!"

"कुत्रानी परत आनी दिधात," जिजी म्हणाली. "त्यालेबी बठनात नही."

बायका हसल्या. नवलभाऊंनी हसण्याचा आवाज काढला. जिजीने दिपमालाच्या मांडीवरच्या मुलीच्या गालाला हात लावला, थोडा वेळ निरखलं, आणि हात काढून घेतला.

नाना अंगणात चौरंग धूत होते. धिप्पाड माणूस, बोलण्यात मोकळा, रीतीच्या बाबतीत कडक. नवलभाऊ त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"नाना."

"बोल."

"ते आतलं... ट्यूबलाइट बंद ठेवता येईल का? उजेड मिसळतो."

"ठेव की बंद. तुन्हं घर शे." नाना चौरंग घासत राहिले. "फोटो काढ, पन मन्हं पोट येवाले नको. पुस्तकमा लोके म्हनतीन, देवीना रोट हाऊच खाई गया."

थोड्या वेळाने नाना पोतं आत न्यायला आले तेव्हा नवलभाऊ पुन्हा जवळ गेले आणि पोतं पट्ट्याच्या डाव्या अंगाला ठेवा म्हणाले. तिसऱ्यांदा नानांनीच विचारलं, "काही सांगनं व्हतं का तुले? सकायपासून मांगेमांगे फिरी ऱ्हायना."

दारात प्रमिलाबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात निवडलेल्या गव्हाचं ताट होतं.

"नाही," नवलभाऊ म्हणाले. "पट्टा सरकतोय. लवकर सुरू केलेलं बरं."

मग त्यांनी नानांच्या मुलाला, किरणला, बाजूला घेतलं. किरण तिशीतला, अमळनेरला नोकरीला होता. कुंदनच्याच वयाचा, त्याच्याच अंगलोटाचा.

"आमच्या घराचं सूप तू धर. मला हात मोकळे लागतील."

"धरतो ना, काका. पण नावं?"

"माझं एकट्याचं घे."

किरणने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि मान हलवली.

आतल्या खोलीत माणसं दाटीने बसली. ट्यूबलाइट बंद झाली तसा झरोक्यातला पट्टा एकदम उठून दिसायला लागला. त्यात धूळ तरंगत होती. जिजी पोत्याशी बसली. पदर डोक्यावरून घेतला आणि उजव्या हातातल्या बांगड्या मागे सारल्या. नवलभाऊ कोपऱ्यात गुडघ्यावर बसले. त्यांनी डोळा कॅमेऱ्याला लावला आणि त्यांना बरं वाटलं. चौकटीत जेवढं होतं तेवढंच होतं, बाकीच्याशी संबंध नव्हता.

आधी नाना बसले. स्वतःचं नाव, किरणचं, किरणच्या मुलाचं. मूठ, मग चिमटीने वर पाव मूठ. दोन फोटो हलले, एक जमला. मग दुसऱ्या दोन घरांची माणसं आली. त्यांतला एक जण सुपाऐवजी कॅमेऱ्याकडे बघत राहिला. दुसऱ्याच्या वेळी कोणाची तरी सून मोबाईल घेऊन मधे आली. पट्टा सरकत जिजीच्या मनगटाशी आला. अजून बोटभर. पुढच्या घराला तो बरोबर मुठीवर येणार होता.

पुढचं घर नवलभाऊंचं होतं.

किरण पुढे सरकला आणि त्याने सूप घेतलं. नवलभाऊंना चौकटीच्या कडेला प्रमिलाबाई दिसल्या. त्या भिंतीशी बसल्या होत्या, मागे दिपमाला, तिच्या खांद्यावर रेवती. प्रमिलाबाईंनी किरणकडे बघितलं, सुपाकडे बघितलं, मग सरळ भिंगाकडे बघितलं. नवलभाऊंनी भिंग जिजीच्या हातावर नेलं.

"नवल," किरण म्हणाला.

मूठ पडली. पाव मूठ पडली. किरण सूप मागे घ्यायला लागला, पण जिजीचा हात पुन्हा पोत्यात गेलेला होता. इतकी वर्षं या जागी एवढाच, असाच बसणारा मुलगा होता आणि तो दोन नावं घ्यायचा. जिजीने त्याच्याकडे मान वर करूनही बघितलं नाही.

"आनि कुंदन," ती म्हणाली आणि मूठ उघडली.

नवलभाऊंच्या बोटाने बटण दाबलं. त्यांचा कॅमेरा जुना होता. शटरचा आवाज त्या गप्प झालेल्या खोलीत टाळीसारखा वाजला.

मग नानांच्या बायकोने पदर तोंडाला लावला. जिजीचा हात सुपावर तसाच उघडा राहिला होता. आपण काय केलं हे तिला हळूहळू कळत गेलं, आणि ते कळताना तिची बोटं मिटत गेली.

"जिजी, काय करं हाई!" नाना म्हणाले. "किरण, काढ ती मूठ. काढी टाक."

"काढाले नही," जिजी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "सूपमा पडनं ते देवीनं. आजलोंग कोन्ही काढेल नही."

"मंग ते खाई कोन? रोट बाहेरनाले देता येत नही, टाकता येत नही. पुनीनना आधी घरनास्नी संपाडना पडस. गयेल मानुसना वाटाना रोट कोन खाई, सांग?"

"माले काय इचारस? मी चुकनू."

किरण सूप धरून बसला होता. ते खाली ठेवावं की नाही, त्याला कळत नव्हतं.

नवलभाऊ या वेळी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो बघत होते. ही हाताची सवय होती, त्यांनी ठरवून केलं नाही. फोटो आला होता. आयुष्यभरात असा फोटो त्यांना जमला नव्हता. जिजीची मूठ नुकती उघडलेली, पट्टा बरोबर तिच्यावर, गव्हाचा दाणा न् दाणा हवेत सुटा. आणि मागे, धूसर, प्रमिलाबाईंचं तोंड. त्यांनी अंगठ्याने फोटो मोठा केला, फोकस नीट बसलाय का बघायला. बसला होता.

"झाला का काढून?"

प्रमिलाबाईंनी विचारलं. त्या आवाजात राग नव्हता. भाजी हवी का, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं.

नवलभाऊंनी वर बघितलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते, असं त्यांना वाटलं. खरं तर निम्मे जण सुपाकडे बघत होते. पडद्यावरचा फोटो थोडा वेळ राहून आपोआप मालवला. त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा डोक्यावरून काढला. कॅमेरा कुठे ठेवावा ते कळेना, तेव्हा तो पिठाच्या डब्यावर ठेवला. गुडघ्याला मुंग्या आल्या होत्या. ते दोन्ही हात जमिनीला टेकत, जवळजवळ रांगतच, पुढे आले आणि किरणच्या हातून त्यांनी सूप घेतलं.

"जिजी, अजून एक मूठ आहे."

"कोन्ही?"

"रेवतीची. कुंदनची मुलगी."

खोलीत कुजबुज झाली. नाना उभे होते, ते खाली बसले.

"नवल, पोरनी मूठ नही ऱ्हास."

"माहीत आहे, नाना."

"मंग?"

प्रमिलाबाईंपाशी कारणं होती, ती चांगली होती आणि नवलभाऊंना पाठही होती. पण त्यातलं एकही त्यांच्या तोंडात येईना.

"सूप मी धरलंय," ते म्हणाले. "नाव मी घेतो. काही झालं तर माझ्या घराला होईल."

"तुन्हा घरले? देवी बठ्ठासनी शे. कोपनी तं बठ्ठासवर कोपी."

"तोताराम," जिजी म्हणाली, "मी आते मरेलनी मूठ टाकी दिधी. देवीले जे करनं व्हई ते ती त्यान्हंच करी. जित्ती पोरनी टाकी तं आखो काय करी ती?"

"जिजी, तू गप बस."

"मी गप बसू तं मूठ कोन टाकी? तू?" तिने पोत्यात हात घातला. "नाव ले रे, नवल. मन्हा हात दुखस."

नाना उठले आणि खोलीबाहेर गेले. ओसरीवर त्यांच्या वहाणांचा आवाज झाला. बाकी कोणी उठलं नाही.

"रेवती," नवलभाऊ म्हणाले.

"पुरं ले. बापनं नाव लाईसन."

"रेवती कुंदन पाटील."

गहू सुपात पडले. मग पाव मूठ पडली. वजन असं काही जाणवलं नाही. सव्वा मुठीला वजन ते काय असणार! आता आपल्या आत काहीतरी होईल, असं नवलभाऊंना वाटलं. ते वाट बघत राहिले. काही झालं नाही. सुपाची कामटी बोटाला टोचत होती, तेवढं कळलं. उन्हाचा पट्टा जिजीच्या हातावर अजून होता. शटर किती ठेवायला हवं होतं, हेही त्यांना कळत होतं. कॅमेरा पिठाच्या डब्यावर होता आणि कोणीही तो उचलला नाही.

मागे दिपमाला रडत होती. प्रमिलाबाई उठल्या, त्यांनी नवलभाऊंच्या हातून सूप घेतलं आणि सगळे गहू मोठ्या परातीत ओतले. आता कोणाचे कोणते ते सांगता येत नव्हतं.

रविवारी कानबाई बसली. चौरंगावर खणांची आरास, मधे नारळाचा मुखवटा, त्याला नथ आणि चांदीचे डोळे. नानांनी पूजा नीट केली, नवलभाऊंशी मात्र बोलले नाहीत. सोमवारी सकाळी बायकांनी चौरंग डोक्यावर घेऊन नदीवर नेला. वाजंत्री होती, फुगड्या होत्या. दोघींच्या अंगात आलं. नवलभाऊ मिरवणुकीपुढे उलटे चालत होते. अशा वेळी मागचा खड्डा दिसत नाही, समोरची बाई कधी एकदम अंगावर येईल ते सांगता येत नाही, हळदीची धूळ भिंगावर बसते आणि पुसायला थांबलं की नेमकं तेव्हाच काहीतरी होतं. अंगात आलेल्या बाईच्या तोंडासमोर कॅमेरा धरायचा नाही, हा त्यांचा जुना नियम होता. त्यांनी तो याही वेळी पाळला आणि तिच्या पायांचे फोटो काढले. धुळीत नाचणारे पाय, एका पायात जोडवं, दुसऱ्यातलं निसटलेलं. काम चांगलं होत होतं, हे त्यांना कळत होतं.

नदीच्या उतारावर कोणीतरी मागून दंड धरला. नवलभाऊ खड्ड्याच्या काठावर होते.

"दख मांगे," नाना म्हणाले. मग दंड न सोडता, दुसरीकडे बघत म्हणाले, "तुन्ही नात रडी ऱ्हायनी कवयनी. तिले वाजानी भीती वाटस. कोन्ही तरी लई जा म्हना तिले सावलीमा."

धुळ्याला परतल्यावर नवलभाऊंनी फोटो संगणकावर घेतले. प्रमिलाबाई चहा घेऊन आल्या आणि कधी नव्हे त्या मागे उभ्या राहिल्या. नाना, किरण, जिजीची बोटं, एकेक फोटो सरकत गेला. मग तो आला. नवलभाऊ पुढे जाणार होते.

"थांबा," त्या म्हणाल्या.

त्यांनी बराच वेळ बघितलं. चहावर साय धरली.

"ही मी?"

"हो. धूसर आहे."

"बरं आहे." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "त्याचं नाव निघालं तेव्हा माझं तोंड असं झालं होतं का? मला वाटलं, मी काहीच केलं नाही."

"मलाही तसंच वाटतं," नवलभाऊ म्हणाले. "माझ्या बाबतीत."

प्रमिलाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. त्या लगेच गेल्या नाहीत. शेजारची खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनीच चहावरची साय बोटाने बाजूला केली.

सुनंदाताईंना त्यांनी नानांच्या घराच्या मुठीचा फोटो पाठवला. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, हा नसता तर पुस्तक लंगडं राहिलं असतं. यानंतरचे काही आहेत का, असं त्यांनी विचारलं. नाहीत, असं नवलभाऊंनी सांगितलं. आपण खोटं बोलतोय की खरं, हे त्यांना नीट ठरवता आलं नाही. नानांना मात्र एक प्रत पाठवायची असं त्यांनी ठरवलं. पोट आलं नव्हतं.

पुनवेच्या आदल्या दिवशी रोटांचा शेवटचा डबा उघडला. तीन मुठींचे रोट नवलभाऊंच्या घराच्या वाट्याला आले होते आणि खाणारी मोठी माणसं तीनच. पुरणाची पोळी आता कडक झाली होती. दिपमालाने एक तुकडा दुधात कालवून मऊ केला आणि बोटाने रेवतीच्या तोंडात घातला. रेवतीने तो जिभेवर फिरवला, विचार केल्यासारखं तोंड केलं आणि हनुवटीवर बाहेर काढला.

"व माय!" दिपमाला म्हणाली. "आता हे?"

"टाकायचं नाही," प्रमिलाबाई म्हणाल्या. "तिच्या वाट्याचं आहे. तोंडाला लागलं, झालं तिचं. उरलेलं घरच्यांनी खायचं."

दोघीही नवलभाऊंकडे बघायला लागल्या.

"मीच का?"

"सूप कोणी धरलं होतं?"

नवलभाऊंनी हात पुढे केला. दिपमालाने मुलीच्या हनुवटीवरचा तो ओला, चघळलेला गोळा पुसून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो तोंडात टाकला, चावायचं काही नव्हतंच, आणि गिळला. मग त्यांनी डब्यातला दुसरा तुकडा घेतला, दुधात बुडवला आणि रेवतीपुढे धरला.

रेवतीने तोंड घट्ट मिटलं.

"धीर धरा," प्रमिलाबाई म्हणाल्या. "उद्या पुनवेचा चंद्र निघेपर्यंत वेळ आहे."

नवलभाऊ तुकडा धरून बसून राहिले. दूध त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, तरी त्यांनी हात खाली घेतला नाही.